डाग नाहीत, पण मेंदू आक्रसलाय

“मॅडम, एका शब्दात सांगा. बाई नाटक करतात की नाही?”

शिक्षणसंस्थेचे सेक्रेटरी माझ्यासमोर बसले होते. बाई म्हणजे वैशालीताई, सारंगखेड्याजवळच्या अनुदानित शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होता, म्हणजे एमएस. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण पोखरते आणि तिथे स्कॅनमध्ये डाग दिसतात. मी नंदुरबारच्या एका सेंटरमध्ये एमआरआय वाचते.

सेक्रेटरींनी त्यांचा ताजा रिपोर्ट मिळवला होता. स्कॅन आमच्याकडचा, वाचला होता बाहेरगावच्या डॉक्टरांनी, ऑनलाइन. ‘नवीन डाग नाहीत. आजार स्थिर.’

“पेशंटबद्दल मी तुमच्याशी बोलणार नाही,” मी म्हटलं. ते उठले आणि थेट आमच्या मालकांच्या केबिनमध्ये शिरले.

दुसऱ्या दिवशी मीच वैशालीताईंना बोलावलं. सोबत नवरा, जगदीशभाऊ.

“फळ्यावर गणित मांडते आणि मधेच थांबते,” त्या म्हणाल्या. “पुढची पायरी येते, पण उशिरा. तोवर पोरं हसतात.” मग त्या एकदम अहिराणीवर आल्या. “मॅडम, मी नाटक नही करी ऱ्हायनी.”

जगदीशभाऊ खाली बघत म्हणाले, “ती पहिले अशी नव्हती.”

मी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले, जुना आणि नवा. डाग खरंच वाढले नव्हते. पण मेंदूच्या मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या रुंदावल्या होत्या. मेंदू आक्रसतो तेव्हा असं होतं. वयाने सगळ्यांचाच आक्रसतो, एमएसमध्ये जास्त वेगाने. आणि डाग मोजणाऱ्या रिपोर्टात ते येतच नाही.

नजरेचा अंदाज पुरेसा नव्हता. दोन्ही स्कॅन एकाच मशीनवर, एकाच सेटिंगवर झालेले, हे नशीब. नाशिकच्या एका सहकाऱ्याकडे मेंदूचं आकारमान मोजायचं सॉफ्टवेअर होतं. त्याने मोजलं. घट वयाच्या मानाने बरीच जास्त होती. पण शरीरात पाणी कमी असलं तरी हा आकडा हलतो, म्हणून त्यांना नाशिकला मानसशास्त्रज्ञांकडेही पाठवलं. तिथे चिन्ह बघून त्याचा अंक भराभर सांगायची एक चाचणी असते. उत्तरं बरोबर आली, पण फार सावकाश. समज शाबूत होती, वेग गेला होता.

मी नवा रिपोर्ट लिहायला घेतला. मालक आले.

“मॅडम, संस्थेची माणसं आपली आहेत. स्टेबल लिहून मोकळ्या व्हा ना.”

“आपली आहेत म्हणून मेंदू वाढवून देऊ का?”

ते केबिनमध्ये परतले. मी घट लिहिली, चाचणीचा निकालही जोडला. वैशालीताईंनी रिपोर्ट शाळेत दिला. सेक्रेटरी पुन्हा हजर! चेहरा उजळलेला.

“म्हणजे मेंदूच आक्रसलाय. मग शिकवायला अपात्रच की. काढायला मोकळे आम्ही.”

माझं डोकं सणकलं. कालपर्यंत ही बाई ढोंगी होती, आज निकामी झाली. मधे कुठे आजारी नव्हतीच!

“एमएस कायद्याने अपंगत्व धरलं जातं,” मी म्हटलं. माझा आवाज बाहेर रिसेप्शनपर्यंत गेला असणार. “नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वावरून काढता येत नाही. झेपेल ते काम द्यावं लागतं. आणि त्यांना ढोंगी ठरवत होतात, तेही मी सांगेन, कोर्टात विचारलं तर.”

ते निघून गेले. जगदीशभाऊंनी वकिलाकडून तेच लेखी कळवलं, तेव्हा संस्था वठणीवर आली. वैशालीताई आता ग्रंथालय बघतात आणि मागे पडलेल्या मुलांना गणित शिकवतात, आपल्या वेगाने. नाशिकच्या न्यूरोलॉजिस्टने औषध बदललं. गेलेलं परत येणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलंय. माफी कुणीच मागितली नाही.

एमएसच्या पेशंटांना मी एवढंच सांगते: स्कॅन शक्यतो एकाच मशीनवर करा आणि नुसती फिल्म नको, सीडी मागून घ्या. फिल्मवरून मेंदू मोजता येत नाही. माणूस तर मुळीच नाही.