वाहत्या नळाखाली

दाराच्या पितळी कड्यांना चकाकी देणाऱ्या कारखान्यात वहिनी आणि तिचा धाकटा दीर शेजारी शेजारी राबत. ती कॉस्टिकच्या, म्हणजे जहाल आम्लारीच्या, टाकीत कड्यांचा तेलकटपणा काढी. मग दीर त्या कड्या आम्लात बुडवून डाग घालवी. तिची बोटं कायम बुळबुळीत, त्याच्या सदऱ्यांना भोकं. संध्याकाळी दोघांच्या अंगात जीव उरत नसे.

एका दुपारी आम्ल उसळून दिराच्या मनगटावर पडलं. तो ओरडत कॉस्टिकच्या टाकीकडे धावला. हात बुडवणार, तोच वहिनीने त्याला खेचलं.

“सोड वहिनी! आम्लारीने आम्लाचा जोर मोडतो, शाळेत शिकलोय!”

“मोडतो रे बाबा. पण दोघांची जुंपली की चटके बसतील तुझ्याच कातड्याला. आणि कॉस्टिक काय कमी जाळतं? चल, पाण्याखाली धर.”

तिने त्याचा हात वाहत्या नळाखाली घट्ट धरून ठेवला. तो चिडून बोलत राहिला. तिच्या पायांत गोळे आले, तरी तिने हात सोडला नाही. दवाखान्यात पाहिलं, तर मनगट नुसतं लाल झालं होतं.

“वहिनी, रागावलीस?” दिराने हळूच विचारलं.

“रागवायला त्राण कुठंय?” म्हणत ती बाकावर टेकली आणि भिंतीला डोकं लावून तिथेच झोपी गेली. दीर तिला न उठवता शेजारी बसून राहिला.