तारपावाल्याचा चिमटा

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा मी सफाळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मुंबईचे एक डॉक्टर दम्यावर संशोधन करायला दर महिन्याला येत आणि एका श्वासात किती फुंकर जाते ते मोजायला दमेकऱ्यांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावत.

त्यांतल्या डोंगरावरच्या एका म्हाताऱ्याने दम लागल्यापासून आपला तारपा, भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, टांगून ठेवला होता. पण सूर तुटू नये म्हणून फुंकताफुंकताच नाकाने श्वास ओढायची वाजवणाऱ्याची सवय सुटली नव्हती. त्याची फुंकर तुटेचना. शेवटी डॉक्टरांनी नाकाला चिमटा लावला.

पुढे औषध न्यायला आला की तो आधी चिमटा लावून बसायचा, आणि गेंगाण्या आवाजात गप्पा मारायचा.

भातकापणीपर्यंत फुंकर चांगलीच लांबली. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आता तारपा वाजवा खुशाल."

त्याने भीतभीत विचारलं, "मंग वाजवताना चिमटा काडला तं चालंल ना?"