हुंकाऱ्याची जागा

आमचे बाबा वाशीमला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कारकून होते आणि ते फार सावकाश वाचत. ऑफिसातलं आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र संध्याकाळी घरी आणायचे आणि जेवणं झाली की ओळीवरून बोट सरकवत मोठ्यानं वाचायचे. आई कंदिलाजवळ उद्याची डाळ निवडत ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती नुसती ऐकत नसे, हुंकारा द्यायची.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी ‘हूं’ म्हणावंच लागतं. हूं आला नाही तर सांगणारा रुसतो, गोष्ट तिथंच ठेवून देतो. बाबा वर्तमानपत्रसुद्धा तसंच वाचत. वाक्य संपलं की थांबायचे, आईचा हूं आला की पुढे. तिचे हूंही तऱ्हेतऱ्हेचे. कापसाचा भाव उतरला तर आखूड, कुणाच्या लग्नात मांडव जळाला तर लांबलचक, आणि पुढाऱ्याच्या भाषणाला नाकातून. आपलं वऱ्हाड मुंबई राज्यात जाणार, ही बातमी वाचली त्या दिवशी मात्र हूं आलाच नाही. बाबांनी मान वर केली.

“म्हंजे आपल्याले घर सोडा लागते का?” आईनं विचारलं.

“नाई वं. घर अठीच राह्यते. राज्य बदलून राह्यलं.”

“मंग हूं,” आई म्हणाली.

मी तेव्हा मराठी शाळेत शेवटच्या इयत्तेत होते. माझ्या डोळ्यांसमोर संसार म्हणजे हेच होतं, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं हूं म्हणायचं.

त्याच सुमारास जिनात नवा साहेब आला. मुंबईच्या मोठ्या ऑफिसातून ढीगभर परिपत्रकं यायची. एकेक कागद टेबलामागून टेबल फिरायचा, प्रत्येकानं वाचून सही करायची. तो बाबांच्या टेबलावर आला की मुक्कामालाच राहायचा. साहेबानं फर्मान काढलं, की साऱ्या कारकुनांनी जलद वाचनाचा वर्ग करायचा. सक्तीनं. जो पास होणार नाही, त्यानं टेबल सोडून बाहेर काट्यावर जायचं, गाड्यांचा कापूस मोजायला.

काट्यावर जायचं म्हणजे दिवसभर कापसाच्या तुसात उभं राहायचं. बाबांना दमा होता. तरुणपणी ते काट्यावरच होते, तिथंच तो जडला. टेबल मिळालं म्हणून त्यांचा श्वास जाग्यावर आला होता. आईला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण खोकल्याची उबळ आली की पाठ तीच चोळायची.

शिकवायला नागपूरहून एक मास्तर आले. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावलं. बाबा दर वाक्यानंतर थांबायला लागले.

“इथं का थांबता तुम्ही?” मास्तरांनी विचारलं.

“हुंकाऱ्यासाठी,” बाबा बोलून गेले.

“कुणाच्या?”

वर्ग हसला. मग बाबांनी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी बायकी आवाजात हूं म्हणायचं. हे सगळं बाबांनीच घरी येऊन सांगितलं, तेही हसत हसत. आई हसली नाही.

“माह्या हूंपायी तुमी काट्यावर जासान,” ती म्हणाली. “आता नाई म्हणत मी.”

आणि तिनं खरंच तोंड मिटलं. मास्तरांनी सांगितलं होतं, ओठ हलू नयेत म्हणून दातांत पेन्सिल धरा, आणि वाचलेली ओळ पुठ्ठ्यानं झाकत जा म्हणजे मागे वळता येणार नाही. बाबा दातांत पेन्सिल धरून बसायचे, आई समोर डाळ निवडायची. घरात एवढी शांतता मला सोसवत नसे. मी मुद्दाम भांडी आपटायची. आई डोळे वटारून दटावायची, “चूप वं! ते वाचून राह्यले ना.”

बाबा पास झाले. साहेबानं त्यांचा हात हातात घेतला म्हणे. साहेब काही वाईट माणूस नव्हता. आईनं त्या दिवशी शिरा केला.

कंपनीनं माणसाला काम शिकवावं, जरूर शिकवावं. पण वाचणं ही काही नुसती कंपनीची गोष्ट नव्हे. दिवसभर बाबांचे डोळे कंपनीचे होते, कबूल. संध्याकाळी ते आईचे होते, हे त्या फर्मान काढणाऱ्याच्या मनातही आलं नसेल. परिपत्रकं भराभर पुढे सरकली असतील. सरकोत. मला अजूनही त्याचा राग येतो आणि तो यावाच.

कारण आता बाबा वर्तमानपत्र उघडायचे, पानावरून नजर वरून खाली फिरवायचे आणि घडी घालायचे.

“काय हाय आज?” आई विचारायची.

“काई खास नाई. कापसाचंच हाय.”

“बरं,” ती म्हणायची. बरं आणि हूं यांत किती अंतर असतं, हे मला त्या वर्षी कळलं.

हिवाळ्यात तिला मुदतीचा ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, औषध दिलं. ताप हटेना. एका संध्याकाळी ती म्हणाली, “वाचा ना थोडंसं. आता तं पास झाले तुमी.”

बाबा तिच्या उशाशी बसले आणि मोठ्यानं वाचू लागले. पण जीभ जुनी वाट विसरली होती. डोळे पुढच्या ओळीवर, आवाज मागे राहिलेला, शब्द अर्धे गिळलेले. आई हूं म्हणायला ओठ उघडायची, तोवर वाक्य निघून गेलेलं असायचं.

“थांबा ना जरासं,” ती म्हणाली. “मले जागाच भेटून नाई राह्यली.”

बाबा थांबले. बोट ओळीवर ठेवून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घसरले. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि लहान पोरासारखे रडले. आईनं हात उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. “राहू द्या,” म्हणाली. त्याच तापात ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे गेले. संध्याकाळी मी आत भाकरी थापत होते आणि बाहेर बाबांचा आवाज आला. ते मोठ्यानं वाचत होते. सावकाश, बोट सरकवत, अगदी पूर्वीसारखं. एक वाक्य संपलं आणि ते थांबले. थांबूनच राहिले.

मला राहवलं नाही. पिठाच्या हातानंच दारात आले आणि म्हटलं, “हूं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “नको पोरी,” म्हणाले, “ती जागा तुही नाई.”

मग त्यांनी पुढची ओळ मनातल्या मनात वाचली, आणि त्यानंतरच्या साऱ्या तशाच.