मावशीच्या मांडीवरच्या खळ्या

माझी मावशी बायकांचे कपडे शिवते, आणि दुसऱ्याच्या शिवणीत खोट काढल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही. तीस वर्षं पायमशीन चालवून तिचा गुडघा मात्र कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज पोहण्याच्या तलावात जाऊन पाण्यात चाला, नाहीतर वर्षभरात मशीन सोडावं लागेल."

मशीन सोडायची नुसती कल्पनाही तिला नकोशी होती. तरी बाई पाण्यात उतरेना. कारण मांड्या! गालावरच्या खळीवर जीव टाकणारं जग मांडीवरच्या खळ्यांना सेल्युलाईट म्हणून नाक मुरडतं, त्याला मावशी तरी काय करणार?

मग तिनं ब्युटी क्लिनिक गाठलं. तिथं काढायच्या फोटोंसाठी खास निळी अर्धी चड्डी शिवली. दहा सिटिंग झाली. कणीक तिंबावी तशी तिथल्या यंत्रानं मांडी तिंबली. खळ्या जागच्या हलल्या नाहीत.

क्लिनिकवालीनं शेवटी दोन फोटो पुढे ठेवले, आधीचा आणि नंतरचा. "बघा काकू, केवढा फरक!"

मावशीनं चष्मा चढवला. "हा नंतरचा पाय कुणाचा?"

"अहो, तुमचाच की!"

"माझ्या चड्डीला हातानं तुरपाई आहे. हिला मशीनची टीप, तीही वाकडी. असली चड्डी मी मेले तरी घालणार नाही."

क्लिनिकवालीचा चेहरा पडला. चार सिटिंग फुकट देते म्हणाली. मावशी तरातरा निघून आली.

घरी येऊन मात्र ती रडली. आता पाण्यात उतरायचं कसं, म्हणून. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. म्हटलं, "मग मशीन विकून टाक ना!" त्यावर ती मशीनवर बसली ती रात्रीपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोहण्याचा पोशाख पिशवीत भरला. मी सोबत गेले. बायकांच्या वेळेत तलावात पाच-सहा जणी होत्या, आणि त्यातल्या चौघी तिचीच गिऱ्हाइकं. मावशी टॉवेल घट्ट गुंडाळून काठावर उभी राहिली. चौघी पायऱ्या चढून तिला भेटायला वर आल्या. मावशीची नजर आपसूक खाली गेली. चौघींच्याही मांड्यांवर खळ्याच खळ्या.

मावशी भडकली. "इतकी वर्षं तुमची मापं घेतेय कपड्यांवरून, आणि एकीनंही तोंड उघडलं नाही!"

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

मावशीनं टॉवेल माझ्या हातात दिला.