कापडाच्या लोंबीला कोंब

कापडाची लोंबी खरी वाटते ती रंगामुळे नाही, वजनामुळे. रंग कोणालाही देता येतो. हळदीच्या पाण्यात थोडा चहा घालून जुनं मलमल बुडवलं की पिकल्या भाताचा रंग येतो, त्यात विशेष काही नाही. पण लोंबी खाली झुकली पाहिजे. वारा आला की मान हलवली पाहिजे आणि हातात घेतली की खसखसली पाहिजे. आत कापूस भरला तर ती उभीच राहते, शाळेत हात वर केलेल्या पोरासारखी. म्हणून मी करंगळीहून बारीक नळी शिवते, तिच्यात भाताची फोलपटं भरते आणि दाण्यादाण्यावर दोरा आवळत जाते. अशा पाच लोंब्या, हिरव्या ब्लाउजपीसची दोन आंब्याची पानं, जांभळ्या चिंध्यांचं एक कुर्डूचं फूल, आणि देठाला गोणपाटाची सुतळी. झालं नवं.

नवं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. दसऱ्याला शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला लावायच्या. दारालाच नाही, विहिरीला, नांगराला, होडीला, आता स्कूटरलासुद्धा. ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला. फक्त खरं नवं आठ दिवसांत वाळतं, आणि त्याआधीच चिमण्या आणि उंदीर त्याचा निकाल लावतात.

त्यामुळेच कुणकेश्वरच्या वाटेवर समुद्राकडे तोंड करून न्याहारी-निवास चालवणारा एक माणूस जामसंड्यात माझ्या दुकानात आला. माझं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, तुकड्यांचे गठ्ठे आणि बाहेर टांगलेली माझी कापडी तोरणं. त्याला तेवीस नवी हवी होती. खोल्या, खिडक्या, स्वयंपाकघर, विहीर, होडी, सगळं धरून. देवघराला तो खरं नवंच लावणार होता, बाकीची दिवाळीच्या पाहुण्यांपर्यंत टिकायला हवी होती.

"दसऱ्याक सकाळी माझ्या दारार व्हयी," तो म्हणाला. "नायतर मी प्लास्टिकची हाडतलंय. बाजारात आसत."

प्लास्टिक म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "आण मगे प्लास्टिकची," मी म्हटलं, "आणि पाहुण्यांका जेवकय प्लास्टिकचां घाल." तो हसला, मी हसले नाही. पण ऑर्डर घेतली. एवढी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदाच मिळत होती. तोपर्यंत लोक माझी तोरणं एकदुसरी घ्यायचे, तीही ब्लाउज शिवायला आल्यावर, जाता जाता. ही तेवीस वेळेवर पोचली असती, तर मी ब्लाउज शिवता शिवता तोरणं करणारी राहिले नसते. तोरणं करणारी झाले असते.

मलमल होतं, हळद होती. फोलपटं नव्हती. आणि जवळपास हळवं, लवकर पिकणारं भात कापून झोडून झालेलं खळं एकाच घरचं होतं: माझ्या मोठ्या जावेचं.

माझं आणि जावेचं सांगायला हवं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दसऱ्याला मी फाटक्या लुगड्याच्या काठांचं एक तोरण केलं होतं. रात्ररात्र जागून नाही, दुपारी सगळे झोपले की. मोठ्या दाराला लावा म्हणून जावेच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर ती माझ्या तोरणाने चुलीवरून भाताचा टोप उतरवत होती. मी काही बोलले नाही. नवी नवरी होते. पण त्यानंतर मी बोलायला शिकले, आणि वेगळं होऊन जामसंड्याला आले ते चूल वेगळी करण्यासाठी नव्हे, दार वेगळं करण्यासाठी आले. माझ्या दाराला काय लागेल ते मी ठरवीन. हा राग मी एकोणीस वर्षं सांभाळला आहे. माणसं सोनं सांभाळतात, मी हा सांभाळला.

तरी गेले. धंदा आहे.

जाऊ खळ्यात उभी होती, पदर खोचून, हातात सूप.

"काय गो, वाट चुकलंस?"

"फोलपटां व्हयी होती, वयनी."

"कित्याक? गादी भरूक?"

"नाय. नवां करूचां आसा. कापडाचां."

"कापडाचां नवां!" ती कमरेवर हात ठेवून हसली. "मगे पेज पण कापडाची शिजव."

खरेदीला गेल्यावर पहिला टोमणा फुकट घ्यायचा असतो, त्याने भाव उतरतो. ती म्हणाली, तीन ब्लाउज शिवून दे. मी म्हटलं, एक. ती म्हणाली, मग जा तशीच. मी स्कूटरपर्यंत गेले, ती हाक मारेल म्हणून किल्ली फिरवली, तिने हाक मारली नाही. मग मीच पुन्हा खळ्यात गेले आणि दोनावर ठरलं.

"थांब, वारो दितंय," ती सूप उचलत म्हणाली. "आत अजून भात आसा."

इथे माझी हुशारी जागी झाली. सुपाने वारा देऊन पाखडलं की फोलपटं उडून ढीग निम्मा होणार, वर तासभर हिच्यासमोर बसावं लागणार. आणि आत भात आहे तर असू दे, दोन ब्लाउजात फोलपटं आणि वर माझ्या कोंबड्यांना दाणे. मी म्हटलं, "वारो नको, वयनी. आसा तसां भरा. तुमच्या वाऱ्याची वाट बघीत बसलंय तर दसरो जायत."

"बघ हां," ती म्हणाली. एवढंच. आणि गोण भरून दिली.

स्कूटरवर गोण घेऊन येताना मी गाणं म्हणत होते. एवढा सोपा सौदा मी आयुष्यात केला नव्हता.

पुढचे दिवस फार मजेत गेले. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून मी आत बसायची. नळ्या शिवायच्या, भरायच्या, आवळायच्या. लोंब्या तयार झाल्या की हळदीच्या खळीत बुडवायच्या म्हणजे दाणा ताठ बसतो. त्या दिवसांत दुपारची वीज कडकडायची आणि पाऊस पडायचा, वाळत घालायला जागा नव्हती. म्हणून ओलसरच लोंब्या मी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घातल्या, तोंड बांधलं, वर कापडाचे गठ्ठे ठेवले. शेवटी एकदम ऊन बघून वाळवू असं ठरवलं आणि पानं, फुलं करायला घेतली.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा ऊन पडलं. मी पिशवी सोडली. आतून गरम वाफ आली आणि शेतासारखा वास आला. लोंबी बाहेर काढली तर मलमलीच्या शिवणीतून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब बाहेर आले होते. एकीला नाही, जवळजवळ सगळ्यांना. काही कोंब दोन बोटं लांब होते. माझी लोंबी उगवली होती.

मी सगळ्या लोंब्या पिशवीत कोंबल्या, आणि थेट जावेच्या घरी गेले. रस्ताभर मी बोलायचं पाठ करत होते. ओटीवर पिशवी उपडी केली.

"तुमी मुद्दाम भात घातल्यात! माझी ऑर्डर बुडवूक!"

जावेने एक लोंबी उचलली, उजेडात धरली. तिचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडते की काय. मग ती भिंतीला टेकून हसायलाच लागली.

"अगो, ह्यां तर रोप झालां! भिजवलंस काय?"

"खळीत बुडवलंय."

"आणि मगे?"

"पिशयेत बांधून वर गठ्ठे ठेवलंय."

"दडपून!" तिने कपाळावर हात मारला. "बियाणां असांच काढतत गो बाय. मिरगात आमी भिजवून दडपून ठेवतंव तेव्हा दहातले दोन उगावनत नाय. तुझां बघ, एक दाणो फुकट नाय गेलो. पुढच्या पेरणीक तुकाच बोलावतंय."

"तुमी भात घातल्यात कित्याक पण?"

"मी सूप घेवन उभी होतंय. वारो नको कोणी सांगल्यान?"

चार कोंबड्यांच्या दाण्यांसाठी मी स्वतः हा सौदा केला होता. शेतकऱ्याच्या घरात नांदलेल्या बाईने ओल्या भाताची पिशवी बांधून ठेवावी, ही चूक मुंबईच्या माणसालाही करता आली नसती. त्याच्याकडे भातच नसतं. आता फोलपटं नवी, नळ्या नव्या, आणि दिवस चार. मी तिथेच तोंडाला पदर लावून बसले. रडले नाही, पण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

जाऊ आत गेली. मला वाटलं पाणी आणायला. ती मोठी लोखंडी कढई घेऊन आली.

"ऊठ. चूल पेटव."

"कित्याक?"

"फोलपटां भाजूया. भाजलेलां भात उगावता काय खंय?"

मागच्या पडवीतल्या चुलीवर आम्ही फोलपटं भाजायला घेतली. ती ढवळायची, मी सुपाने ओतायची. थोड्या वेळात कढईत तड् तड् व्हायला लागलं. आत राहिलेल्या भाताच्या लाह्या फुटत होत्या, उडून चुलीबाहेर पडत होत्या, एक थेट जावेच्या केसांत बसली. आम्ही ढवळता ढवळता लाह्या वेचून खात होतो. घरभर असा खमंग वास सुटला की शेजारीण कुंपणावरून विचारायला आली, आज काय करतास म्हणून. जावेने तिला सांगितलं, "नवां शिजवतंव." मला ठसका लागला.

मग कढई उतरवायची वेळ आली. जावेने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळच पडलेली माझी एक कोंब आलेली लोंबी उचलून त्या लोंबीनेच कढईचा कान धरला.

माझ्यातलं एकोणीस वर्षांचं सगळं एकदम वर आलं. "परत तांच! तेव्हा माझां तोरण घेतल्यात, आता ह्यां! माझ्या हातचां तुमका फडक्यासारखांच दिसता काय?"

तिने कढई खाली ठेवली. "खंयचां तोरण?"

तिला आठवतही नव्हतं. मी सांगितलं, दिवस, चूल, टोप, सगळं. तिने कढईतली फोलपटं एकदा खालीवर केली.

"चटको बसात म्हणून हाताक लागला तां घेतलंय असतलंय," ती शेवटी म्हणाली. "तुका तेव्हाच सांगूक काय झालां होतां? तोंड नाय होतां?"

"नाय होतां."

"आता बरां आसा," ती म्हणाली. "आता जरा कमी कर."

ही काही माफी नव्हती आणि मीही ती तशी धरली नाही. राग माझा आहे, तो मी एका कढईवर देऊन टाकणार नाही. पण भाजलेली फोलपटं कोमट असताना बोटांत घ्यायला फार छान लागतात, आणि रागावलेल्या माणसालाही ती छानच लागतात.

पुढचे तीन दिवस जाऊ सकाळच्या एस.टी.ने जामसंड्याला आली. तिची शिवण वाकडी आहे, पण दोरा आवळायची तिची हातोटी मला जन्मात येणार नाही. तिच्या लोंबीतले दाणे एकसारखे नाहीत, काही भरीव, काही पोचट. मी कुरकुरले तर म्हणाली, "शेतात बघितलंस कधी सगळे दाणे सारखे?" शेवटी माझ्या लोंब्याही मी तिच्यासारख्याच आवळायला लागले. तिला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी तेवीस नवी टोपलीत घालून, टोपली जावेच्या मांडीवर आणि जाऊ माझ्या स्कूटरवर, अशा आम्ही निघालो. मालक दारातच उभा होता.

"आज सकाळी हाडलात? माका वाटला येनास नाय. उशीर केलात, आता तीन फुकट सोडा."

"दसऱ्याचां नवां दसऱ्याक सकाळीच बांधतत," मी म्हटलं. "सकाळी व्हयी म्हणान तूच सांगलंस. एक पण फुकट नाय."

"अगो, आधी दाराक लाव, मगे भांडा," जाऊ मध्ये पडली. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि मोठ्या दाराच्या चौकटीला पहिलं नवं बांधलं. समुद्राकडून वारा आला. पाची लोंब्यांनी मान खाली घातली आणि हलक्या खसखसल्या.

मालक जवळ गेला, नाक लावलं. "वास कसलो येता गो?"

जाऊ स्टुलावरून उतरायच्या आत कुठून तरी एक चिमणी आली, चौकटीवर बसली, आणि तिने माझ्या लोंबीला टोच मारली. एकदा मारली, दोनदा मारली. मग मान तिरपी करून आमच्याकडे असं बघितलं की आम्ही तिघंही फसवणूक करून उभे असल्यासारखे गप्प झालो. ती चिवचिवत उडून गेली, ते सरळ मालकाच्या डोक्यावरून.

मालक पायरीवर बसून हसला. फुकटची तीन तो पुन्हा बोलला नाही. उलट दिवाळीला आकाशकंदिलाभोवती लावायला आणखी बारा सांगितली, आणि पुढच्या वर्षी आपल्या ओळखीच्या दोन घरांचीही. माझ्या डोक्यात ताबडतोब मलमलीचे तागे सुरू झाले.

परतीच्या वाटेवर जावेने मागून विषय काढला. फोलपटं तिची, भाजायचं तिच्या चुलीवर, आवळायचं तिने, म्हणून पुढच्या वर्षी निम्मं तिचं. मी म्हटलं, डिझाईन माझं, शिवण माझी, गिऱ्हाईक माझं, पाव घ्या. ती म्हणाली निम्मं. मी तिसरा हिस्सा म्हटलं, वर दोन ब्लाउज. ती म्हणाली निम्मं. मी चढणीला स्कूटर हळू केली, रुसल्यासारखी गप्प राहिले, माझ्या हातच्या सगळ्या खेळ्या खेळले. मागून एकच शब्द येत होता. शेवटी वळणावर मी पुटपुटले, बरं, निम्मं.

"मोठ्यान सांग," जाऊ म्हणाली. "वारो आसा, आयकाक येना नाय."