दगाआबांच्या पागेतला ग्रेट डेन

सारंगखेड्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते घोड्यावर बसून दारात येतात. आमच्या केळीच्या मळ्याला लागूनच दगाआबांची पागा आहे. आबांची सगळी हयात घोडे शिकवण्यात गेली. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही चार-पाच जण चहाला जमतो. पूर्वी तिथं फक्त घोड्यांच्या गोष्टी निघायच्या. दीड वर्षापूर्वी माझ्या मुलीनं, मीनलनं, पुण्याहून तिचा ग्रेट डेन आणून सोडला आणि घोडे बिचारे मागे पडले!

कुत्र्याचं नाव शेरा. उंची माझ्या कमरेएवढी, वजन माझ्याहून थोडंच कमी. मीनल नोकरीसाठी दोन वर्षं परदेशी निघाली होती. जाताना तिनं दोन पानी यादी हातात ठेवली. रोज दोनदा फिरवणं, झोपायला जाड गादी, नखं कापणं. एका ओळीखाली लाल पेनानं तीन रेघा होत्या : 'जेवल्यावर तासभर अजिबात पळू द्यायचं नाही.'

"बाबा, मला तो असाच परत हवाय," एवढं म्हणाली आणि रडायला लागली.

"अगं, जन्मभर गुरं सांभाळली मी!" मी ऐटीत म्हणालो.

*

पहिल्याच दिवशी आबा शेराला बघायला आले. यात्रेत घोडा पारखतात तसा त्यांनी सरळ त्याचा ओठ वर केला, दात बघितले आणि निकाल दिला, "दोन वरीसना शे."

"आबा, तीन वर्षांचा आहे. मीनलनं लहानपणापासून वाढवलाय."

आबांनी पुन्हा दात बघितले.

"मंग तुन्ही पोरले कोनीतरी फसाडं!"

*

व्यायामाचं काम आबांनी आपणहून घेतलं. घोड्याला लांब दोरावर गोल फिरवतात, तसंच शेराला फिरवायचं ठरलं. आबा मधोमध उभे राहिले, दोर सोडला, जिभेनं टकटक केलं. शेरा डुलत डुलत आला आणि आबांच्या पायावर बसला! उठवला की पुन्हा तेच. शेवटी शेरा मधे बसला आणि आबाच दोर धरून त्याच्याभोवती फिरत राहिले.

"व्यायाम झाला का?" मी विचारलं.

"व्हयना ना!" आबा स्वतःच्या छातीवर हात ठेवत, धापा टाकत म्हणाले, "मन्हा!"

*

मे महिन्यात डांबरावर तळहात टेकवत नाही, तिथं कुत्र्याचे पंजे काय टिकणार? म्हणून आम्ही उजाडताच केळीतून फिरायचो. शेराला ठिबकचा शोध तिथंच लागला. नळी चावली की थंड कारंजं उडतं! मी तीन वेळा नळी बदलली. चौथ्यांदा त्याच्यासाठी एक वेगळी नळी टाकली आणि सांगितलं, "ही तुझी." तेव्हापासून त्यानं बाकीच्यांना तोंड लावलेलं नाही.

*

राखणीला हा कसा, असं सगळे विचारतात. एकदा वायरमन मीटर बघायला आला. शेरा भुंकला नाही, काही नाही. नुसता त्याच्या अंगावर रेलला. मागे भिंत, पुढे शेरा! मी मळ्यातून येईपर्यंत अर्धा तास तो माणूस तिथंच उभा होता. शेरानं त्याला पकडलं की त्याचे लाड केले, हे ओट्यावर अजून ठरलेलं नाही.

*

आता मी केलेला गाढवपणा सांगतो. दिवाळीत पाहुणे आले होते. "कुत्रा पळतो कसा, दाखवा की!" म्हणाले. शेरा नुकताच टोपलंभर जेवला होता. लाल रेघा मला आठवल्या, खोटं कशाला सांगू? पण पाहुण्यांपुढे मिरवायची हौस! आबांच्या शिंगराबरोबर त्याला सोडला.

थोड्या वेळानं तो उभ्याउभ्या लाळ गाळायला लागला. उलटीसाठी उबळ यायची, पण बाहेर काहीच पडेना. मला वाटलं ऊन लागलं, मी डोक्यावर पाणी ओतत बसलो.

पागेच्या दारातून आबा ओरडले, "भाऊ, तो घडी घडी पोटकडे देखी ऱ्हायना! घोडा असा देखस, तव्हय वाट देखानी नही. गाडी काढ!"

नंदुरबारपर्यंत शेराचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी आधी नळी घालून पोटातली हवा काढली, मग पोट उघडून आतला पीळ सोडवला. "अजून तासभर गेला असता तर हाती लागला नसता," ते म्हणाले. "कोणत्या डॉक्टरनं ओळखलं?"

मी बाहेर बाकावर बसलेल्या आबांकडे बोट दाखवलं.

*

आठ दिवसांनी शेरा घरी आला. मीनलला फोन लावला, माझी चूक सांगितली. ती म्हणाली, "आबांना द्या फोन." आबांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, तिनंही तेच सांगितलं असणार.

आबा नुसते ऐकत होते. डोळे पुसले, फोन कान आणि खांद्यामधे दाबून धरला, शेराजवळ बसले आणि त्याचा ओठ वर केला. निरखून दात बघितले.

"पोरी, काळजी नको करू," ते म्हणाले. "आते बी दोन वरीसनाच शे."