बायकोच्या मापाची सायकल

कारखाना सोडून बरीच वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्याला फिटरच म्हणायची. खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस मायाळू, पण मापाच्या बाबतीत भलताच ताठ. टेप हातात घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. कुठल्या नटाला कुठला पाना लागेल हे तो नुसतं बघून सांगायचा आणि बरोबर निघालं की दिवसभर मिशीतल्या मिशीत हसायचा.

बायकोचं नेमकं उलटं. ती शिवणकाम करायची आणि टेप कायम तिच्या गळ्यात असायचा. आपल्या जुन्या लेडीज सायकलवरून ती घरोघरी मापं घ्यायला जायची. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, माप दर खेपेला नव्यानं. "मागच्या वर्षीचं चालेल की," असं कुणी म्हटलं, तर म्हणायची, "मग घालणारीही मागच्या वर्षीचीच आणा."

ती न्हाणीघरात घसरून पडली आणि हे सगळं थांबलं. ऑपरेशन झालं, पण गुडघा पुरता वाकेना. सायकलचं पायडल वर आलं की जीव जायची पाळी यायची. तिनं सायकल मागच्या शेडमध्ये लावली आणि खिडकीपाशी मशीन घेऊन बसली. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. आधी मीठ कमी पडलं म्हणून तास तासभर भांडणारी बाई आता कशालाही नुसतं "बरं" म्हणायची. बायको गप्प झाली की नवऱ्याला सुख लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी लग्न केलेलं नसावं. फिटरला त्या "बरं"ची धास्ती बसली. काही झालं तरी हिला पुन्हा रस्त्यावर आणायचं, हे त्याच्या डोक्यानं घेतलं.

सायकलचा सांगाडा दणकट होता. मधला दांडा खाली झुकलेला, त्यामुळे पाय उंच उचलावा लागत नव्हता. बाकी सगळा गंज. फिटर भंगारवाल्याकडे खेटे घालू लागला. लहान मुलांच्या एका मोडक्या सायकलीचे आखूड क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, त्यानं काढून आणले. आता पायडल लहान गोल फिरणार, म्हणजे गुडघा कमी वाकणार. मोपेडची स्प्रिंगवाली सीट मिळाली. फ्रिजमधली तारेची जाळी वाकवून त्यानं कापडं ठेवायला पुढची टोपली केली.

"काका, नवीच का नाही घेत?" भंगारवाल्यानं विचारलं.

"नवी तिच्या ओळखीची नाही," फिटर म्हणाला.

हिरवा रंग वाळला, तसं त्यानं बायकोला हाताला धरून शेडमध्ये आणलं. तिनं सायकलवरून हात फिरवला. टोपली हलवून बघितली. मग बसली, आणि दोन्ही पाय लोंबकळत राहिले.

"अहो, पाय पुरत नाहीत."

"पुरतात. नीट बस. सीट तुझ्याच मापाची आहे."

"माझं माप कधी घेतलंत?"

"घ्यायला कशाला पाहिजे? मला माहीत नाही होय?"

"कधीचं माहीत आहे?"

फिटरच्या डोळ्यांपुढे होती ती लग्नातली, त्याच्या कानापर्यंत येणारी मुलगी. सीटही त्यानं तिच्याचसाठी लावली होती.

बायको जपून खाली उतरली. गळ्यातला टेप काढून त्याच्या हातात दिला. "घ्या."

आयुष्यात पहिल्यांदाच फिटरनं निमूटपणे टेप धरला. गुडघे टेकून कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. मग उभा राहिला, आणि बायकोचं डोकं आता आपल्या खांद्याशी येतंय हे त्याला तेव्हा दिसलं.

"रोज बघत होतो गं," तो म्हणाला. "कळलंच नाही."

त्यानं करवत काढली, सीटखालची नळी कापली आणि सीट खाली बसवली. या खेपेला तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. तो मागून धरायला गेला, तर तिनं कोपरानं ढकललं आणि ती निघाली. आधी वाकडीतिकडी, मग सरळ, आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

फिटर दारात उभा. चहा करावा म्हणून आत गेला आणि तसाच परत आला. बऱ्याच वेळानं घंटी वाजली. टोपलीत कुणाचं तरी कापड होतं आणि तोंडाचा पट्टा सुरू होता.

"ब्रेक कसले लावलेत? कुत्रं आडवं आलं असतं तर? आणि ही घंटी! माणसं दचकून भिंतीला चिकटतात. हसताय काय? आत चला, तुमचं माप घ्यायचंय."

"माझं कशाला?"

"मी काय एकटीच लहान होतेय?" तिनं सायकल भिंतीला लावली. "किती वर्षं झाली, तुमच्या पँटी गुपचूप आखूड करतेय मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

फिटर मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याला रडू आवरेना.